‘संशयावरून’ : चंद्रपूर–गडचिरोलीतील हत्या आणि जिल्हा वार्ताहराचे गद्य

विषयप्रवेश

न उलगडलेल्या हत्येचा माग काढणारा पत्रकार ही प्रतिमा मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाची आहे. पोलिसांनी दडपलेले किंवा त्यांना न उकललेले प्रकरण तो हाती घेतो, साक्षीदारांना बोलते करतो, धमक्यांना भीक घालत नाही आणि अखेरीस खुनी वाचकासमोर उभा करतो. या प्रतिमेमागे एक गृहीतक आहे. ते असे की, हत्या हे एक कोडे असते, त्याचे उत्तर कोणीतरी लपविलेले असते आणि भोवतालचे मौन म्हणजे फोडावयाचे कुलूप असते. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील हत्यांना हे गृहीतक लागू पडत नाही, आणि ते लागू करण्याच्या ओढीमुळे तेथील वार्ताहर प्रत्यक्षात काय लिहितो याचे वाचन करावयाचे आपल्याकडून राहून गेले आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

या भागातील अनेक हत्यांबाबत ‘कोणी मारले?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटलेला असतो. मारणाऱ्याने मृतदेहाशेजारी पत्रक ठेवून तो सोडविलेला असतो. हत्येवर सही असते. तरीही प्रकरण तांत्रिक अर्थाने न उलगडलेलेच राहते. गुन्हा दाखल होतो, काही नावे व काही ‘अनोळखी’ आरोपी नोंदले जातात, ते फरार असतात, साक्षीला कोणी येत नाही. खरोखर अनुत्तरित राहतो तो निराळाच प्रश्न : मेलेला माणूस कोण होता आणि त्याच्यावर ठेवलेला आरोप खरा होता काय? या प्रश्नाकडे बातमी कशी पाहते, यावर तिचे मूल्यमापन व्हावयास हवे.

कल्पित साहित्यातील शोधक

मराठी रहस्यकथेने शोधकाला शहराचा रहिवासी केले. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक पुस्तकांत झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही मंडळी वावरतात. त्यांच्या जगात माहिती दडलेली असते, परंतु ती सापडली की सांगता येते. सांगण्याची किंमत हा तेथे विषयच नसतो. प्रत्यक्षातील मानवत प्रकरणातही समाजाच्या स्मरणात जे राहिले ते याच साच्यातले आहे. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात स्त्रिया आणि लहान मुली यांच्या हत्या झाल्या. प्रकरणाची उकल झाली ती मुंबईहून आलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या तपासातून. अमोल पालेकर यांचा विजय तेंडुलकरलिखित ‘आक्रीत’ (१९८१) हा चित्रपट त्यावर आधारलेला आहे आणि २०२४ मध्ये आलेल्या मालिकेने पुन्हा तपासी अधिकाऱ्यालाच केंद्रस्थानी ठेवले. गावाला जे ठाऊक होते किंवा ठाऊक असूनही बोलता येत नव्हते, त्यास स्वतंत्र कथनाचा दर्जा मिळाला नाही. उत्तर बाहेरून येते, हा संस्कार दृढ झाला.

अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरील जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटातील दिगू टिपणीस मात्र या परंपरेला छेद देणारा आहे. त्याला सर्व कळते. कळण्याचा आणि छापण्याचा संबंध तुटलेला आहे, एवढेच. निळू फुले यांनी साकारलेले त्याचे अखेरचे भ्रमिष्ट हसू हा मराठीतील पत्रकारितेवरचा सर्वांत कठोर अभिप्राय आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. गडचिरोलीतील तालुका वार्ताहर दिगूच्या अधिक जवळचा आहे. फरक एवढाच की, दिगूला मंत्रालयाच्या पायऱ्या उतरून घरी जाता येते.

तेंडुलकरांच्या ‘कमला’ (१९८१) या नाटकात दोन पत्रकार समोरासमोर आहेत, याकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. जयसिंग जाधव या दिल्लीतील इंग्रजी वार्ताहराच्या धाडसावर, त्याने विकत आणलेल्या आदिवासी स्त्रीवर आणि त्याच्या पत्नीच्या जाणिवेवर भरपूर लिहिले गेले. परंतु आपल्या गावी छोटे मराठी वृत्तपत्र चालविणारे काकासाहेब हे पात्र बहुधा जुन्या पिढीचा प्रतिनिधी म्हणून बाजूला सारले जाते. वास्तविक ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांना वाचता येईल अशा भाषेत लिहिण्याचा प्रश्न हे पात्र उपस्थित करते. तो प्रश्न भामरागडला नेला तर अधिकच अवघड होतो.

बातमीचा प्रवास

भामरागड तालुक्यातील एखाद्या पाड्यावर हत्या झाली, तर तिची वार्ता कशी येते? गावातील कोणीतरी पोलीस पाटलाला किंवा शिक्षकाला सांगतो. तेथून ती पोलीस मदत केंद्रापर्यंत आणि मग एटापल्ली, अहेरी वा भामरागडच्या वार्ताहरापर्यंत पोहोचते. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि बातमीचाही. प्रत्यक्ष पाहणारा बोलतो माडियात. सिरोंचाकडे कदाचित तेलुगूत, मुलचेराकडील वसाहतींत बंगालीत, कोरचीकडे छत्तीसगडीत. फिर्याद लिहिली जाते मराठीत. पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक त्या फिर्यादीवर, आणि बातमी त्या पत्रकावर आधारलेली असते. म्हणजे वाचकाच्या हाती जे येते ते भाषांतराचे भाषांतर असते. कोणी भाषांतर केले याचा उल्लेख बातमीत कधीही नसतो. ज्या जिल्ह्यात एका शब्दावरून माणसाचा जीव जातो, तेथे ही उणीव किरकोळ मानता येणार नाही.

वार्ताहराची आर्थिक स्थितीही येथे विसरता कामा नये. जिल्हा कार्यालय चंद्रपूर किंवा गडचिरोलीत असते. तालुक्याचा वार्ताहर पगारी नोकर क्वचितच असतो. त्याचे मानधन तुटपुंजे आणि जाहिराती मिळवून देण्याची जबाबदारी मोठी. जाहिरात देणारा बहुधा कंत्राटदार किंवा पुढारी असतो. बातमीचा मुख्य स्रोत पोलीस ठाणे असते आणि वार्ताहर स्वतः रात्री त्याच जंगलाच्या कडेला झोपतो. या माणसाकडून अर्नाळकरी शोधकाची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. त्याच्या गद्याची चिकित्सा करताना ही परिस्थिती सतत ध्यानात ठेवली पाहिजे, आणि पुढील विवेचन कोणा एका वृत्तपत्रावरील दोषारोप म्हणून वाचले जाऊ नये.

एका प्रत्ययाचे राजकारण

या भागातील नागरिकांच्या हत्यांच्या बातम्या वाचणाऱ्यास एक वाक्यरचना वारंवार भेटते : पोलिसांचा खबरी असल्याच्या संशयावरून नक्षलवाद्यांनी इसमाची हत्या केली. वाक्य निर्दोष वाटते. तेथे ‘आरोप’ नाही, ‘संशय’ आहे. म्हणजे वार्ताहराने सावधगिरी बाळगली आहे. परंतु संशय कोणाचा? ‘नक्षलवाद्यांच्या संशयावरून’ असे वाक्यात नाही. संशयाचा धनी गाळला गेला आहे. धनी गाळल्यामुळे संशय हवेत तरंगतो, सार्वजनिक होतो, वाचकाचाही होतो. शिवाय ‘-वरून’ हा शब्दावयव मराठीत कारण दाखवितो तसाच आधारही दाखवितो. पायाच्या ठशांवरून, धुरावरून आपण अनुमान काढतो. ‘संशयावरून’ म्हणताच हत्येच्या पाठीशी काहीतरी आधार होता, असा सूक्ष्म ध्वनी उमटतो.

या रचनेचे खरे स्वरूप तिच्या शेजारच्या बातम्यांवरून कळते. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ हा मथळा महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्याच्या पानावर आढळतो. ‘जादूटोण्याच्या संशयावरून वृद्धेला मारहाण’ हा दुसरा. राजकीय हत्या, घरातील हत्या आणि अंधश्रद्धेतून झालेली हत्या या तिन्ही समाजशास्त्रीय दृष्ट्या भिन्न घटना. पण आपले वृत्तगद्य त्यांना एकाच साच्यात ओतते. तिन्ही ठिकाणी मारणाऱ्याचे म्हणणे वाक्याच्या आरंभी येते, आणि मृत व्यक्तीची पहिली ओळख त्या म्हणण्यातून होते. वाक्य वाचून संपण्यापूर्वीच पत्नीचे चारित्र्य, वृद्धेची विद्या आणि गावकऱ्याची निष्ठा चर्चेला आलेली असते. मृत व्यक्ती आरोपीच्या पिंजऱ्यात, आणि मारणारा फिर्यादीच्या जागी. हा हेतुपुरस्सर पक्षपात आहे, असे मुळीच नाही. मुदतीच्या घाईत हाताशी असलेला साचा वापरला जातो. परंतु साच्याला स्वतःचे मत असते.

क्रियापदांचेही असेच आहे. पोलीस ‘शहीद’ होतो, नक्षलवादी ‘ठार’ होतो किंवा त्याला ‘कंठस्नान’ घातले जाते, गावकऱ्याची ‘हत्या’ होते. मृत्यूची ही उतरंड वाचकाच्या अंगवळणी पडली आहे. ‘इसम’ हा ठाण्यातील शब्द बातमीत येतो तेव्हा त्याबरोबर ठाण्याचे अंतरही येते. तो माणूस त्या दिवशी तेंदूच्या फळीवर गेला होता की मोहफुले वेचत होता, त्याला मुले किती, गावात त्याचा वाद कोणाशी होता, हे सांगणारी बातमी विरळा. अखेरची बाब तर तपासाच्या दृष्टीनेही मोलाची. पत्रक लिहिण्यास कागद आणि लाल शाई पुरते. जमिनीच्या किंवा भाऊबंदकीच्या वैरातून झालेल्या खुनालाही तो पोशाख चढविता येतो. पत्रकातील मजकूर जशाचा तसा कारण म्हणून छापला की ही शक्यता तपासण्याचा मार्गच बुजतो.

कसनासूर : एकाच घटनेच्या दोन बाजू

या विवेचनाची कसोटी म्हणून एका प्रसंगाकडे वळू. २२ एप्रिल २०१८ रोजी भामरागड तालुक्यातील बोरिया–कसनासूर परिसरात सी-६० पथक आणि माओवादी यांच्यात चकमक झाली. त्यानंतर इंद्रावतीच्या पात्रातूनही मृतदेह काढण्यात आले आणि दुसऱ्या एका चकमकीतील मृत धरून दोन दिवसांच्या कारवाईतील मृतांचा आकडा ४० च्या घरात गेला. एटापल्ली तालुक्यातील गट्टेपल्लीच्या ग्रामस्थांनी, आपल्या गावातील काही मुले-मुली लग्नाला म्हणून निघाली होती व ती मृतांत आहेत, असे सांगितले. ती नव्याने दलात भरती झालेली होती, असे पोलिसांचे म्हणणे होते. पुढे २२ जानेवारी २०१९ रोजी कसनासूर गावातील तिघांचे मृतदेह रस्त्याच्या कडेला आढळले. शेजारी फलक होता. एप्रिलमधील चकमकीस हे तिघे जबाबदार आहेत, असा त्याचा आशय होता.

या दोन घटनांच्या मध्ये नऊ महिने आहेत. गट्टेपल्लीच्या मुलांची ओळख एका प्रसिद्धिपत्रकाने ठरविली, कसनासूरच्या तिघांची एका फलकाने. दोन्ही ठिकाणी मजकूर तयार होऊन आला आणि वार्ताहराच्या वाट्याला उरले ते तो पोहोचविणे. गट्टेपल्लीपर्यंत काही पत्रकार व सत्यशोधन समित्या गेल्या आणि त्यामुळे ग्रामस्थांचे म्हणणे निदान नोंदले गेले, हे मान्य केले पाहिजे. कसनासूरच्या तिघांबाबत तेवढेही म्हणता येणे कठीण आहे. त्यांच्या मृत्यूने कोणाचीच राजकीय सोय होत नव्हती, हे त्याचे एक कारण असावे. मारणाऱ्यांच्या विरोधकांना त्यांचा आकडा पुरेसा होता, आणि मारणाऱ्यांच्या सहानुभूतिदारांना त्यांचा उल्लेख अडचणीचा.

धोका कोठे आहे?

वार्ताहराने खोलात जावे असे सांगणाऱ्याने त्याची किंमतही सांगितली पाहिजे. इंद्रावतीपलीकडील विजापूर जिल्ह्यात साई रेड्डी या पत्रकाराला २००८ मध्ये छत्तीसगडच्या विशेष जनसुरक्षा कायद्याखाली माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून अटक झाली होती. डिसेंबर २०१३ मध्ये बासागुडा येथे त्यांची हत्या झाली ती माओवाद्यांच्या हातून. एकाच माणसावर दोन्ही बाजूंनी परस्परविरोधी संशय घेतला. दोन्ही संशयांचे धनी या प्रकरणात माहीत आहेत, म्हणूनच त्या वाक्यरचनेतील पोकळी येथे स्पष्ट दिसते.

त्याच जिल्ह्यातील मुकेश चंद्राकार १ जानेवारी २०२५ रोजी बेपत्ता झाले आणि ३ जानेवारीस एका कंत्राटदाराच्या आवारातील सेप्टिक टाकीत त्यांचा मृतदेह सापडला. त्यापूर्वी त्यांच्या कामामुळे एका रस्त्याच्या बांधकामातील गैरव्यवहार पुढे आला होता. २०२१ मध्ये माओवाद्यांच्या ताब्यातील जवानाची सुटका घडवून आणण्यासाठी जंगलात गेलेल्यांत ते होते. जंगलातून ते सुखरूप परतले. बळी पडले ते गावात. आपल्या राज्यात राजापूर येथे फेब्रुवारी २०२३ मध्ये शशिकांत वारिशे यांना वाहनाखाली चिरडण्यात आले, तेही प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाशी संबंधित बातमीनंतर. पत्रकारांवरील हल्ल्यांना प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा २०१७ चा आहे. वारिशे यांना तो वाचवू शकला नाही.

यांतून निघणारे अनुमान काहीसे अनपेक्षित आहे. छोट्या गावातील पत्रकाराच्या जिवावर जे बेतते ते हत्येच्या तपासापेक्षा रस्ता, जमीन, खाण यांच्या हिशेबांनी. सूरजागडच्या लोहखनिजापासून चंद्रपूरच्या कोळशापर्यंत हिशेबांना तोटा नाही. हत्येची बातमी साच्यात बसवून देणे सोयीचे ठरते त्याचे कारणही येथे सापडते : साचा भरला की पुढचा, म्हणजे पैशाचा, प्रश्न विचारावा लागत नाही. मारला गेलेला माणूस ग्रामसभेत कशाच्या बाजूने बोलला होता, हे शोधू लागलेला वार्ताहर लवकरच आपल्याच जाहिरातदाराच्या दारात पोहोचण्याचा संभव असतो.

मौनाची अन्य वाचने

मौनाला कुलूप न मानणाऱ्या कलाकृती आपल्याकडे आहेत. गोविंद निहलानी यांचा तेंडुलकरलिखित ‘आक्रोश’ (१९८०) हा हिंदी चित्रपट असला तरी त्याची माती मराठी आहे. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला लहान्या भिकू वकिलाशी एक शब्द बोलत नाही. खरे गुन्हेगार कोण हे गावाला ठाऊक आहे आणि प्रेक्षकालाही लवकरच कळते. रहस्य उरत नाही. उरते ते, बोलण्याचा उपयोग काय, हा भिकूचा न उच्चारलेला प्रश्न. त्यातील कार्यकर्त्याची भूमिका आपल्या विदर्भाचे नाटककार महेश एलकुंचवार यांनी केली होती, आणि ते पात्र कथेत एके दिवशी नाहीसे होते. भामरागडच्या वाचकाला यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी हेमलकशातील दीर्घ सहवासातून आली आहे. वन कर्मचारी, पोलीस आणि कंत्राटदार यांच्या जाचातून एक माडिया तरुण बंदुकीपर्यंत कसा जातो, हे ती सांगते. तिचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि, कादंबरीचे लक्ष बंदूक उचलणाऱ्यावर आहे, आणि मराठीत तेच लक्ष पुढेही राहिले. त्या बंदुकीसमोर उभ्या राहिलेल्या त्याच गावच्या, त्याच भाषेच्या माणसावर तोलामोलाची कादंबरी प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही. बस्तरमध्ये इंग्रजी दैनिकाचे प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या आशुतोष भारद्वाज यांनी ‘द डेथ स्क्रिप्ट’ (२०२०) या पुस्तकात मृत्यूंचीच वही मांडली. स्वतःच्या बातमीदारीविषयीची अस्वस्थता त्यात लेखक लपवीत नाही. असे पुस्तक मराठीत गडचिरोलीच्या वार्ताहराकडून यावयास हवे होते. तो तेथे अधिक काळ राहिला आहे आणि त्याच्याकडे माहिती अधिक आहे. परंतु त्याला बसून लिहिण्याइतकी उसंत आणि छापणारा प्रकाशक कोणी दिला?

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो. वाक्यरचना बदलून काय साधणार? ‘पत्रकात माओवाद्यांनी असा आरोप केला आहे, कुटुंबीयांनी तो नाकारला आहे, पत्रकाची सत्यता तपासलेली नाही’ असे लिहिल्याने मेलेला परत येत नाही, आणि जागेअभावी उपसंपादक ही वाक्ये प्रथम कापतो. आक्षेप वजनदार आहे. पण बातमी त्या कुटुंबाजवळ राहते. कात्रण गावात फिरते, आणि मुलगा आश्रमशाळेत जातो तेव्हा खबऱ्याचा मुलगा म्हणून जातो. वडिलांविषयी त्याला वाचावयास मिळणारे एकमेव छापील वाक्य मारणाऱ्याच्या तोंडचे असते.

दप्तर उघडण्याची वेळ

२ नोव्हेंबर १९८० रोजी सिरोंचा तालुक्यातील मोयाबिनपेठा येथे पेद्दी शंकर हा नक्षलवादी पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला, तेव्हा हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. त्यानंतर १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. या दोन तारखांमध्ये पंचेचाळीस वर्षे आहेत. त्या काळातील गावकऱ्यांच्या हत्यांचे जवळजवळ सर्व सार्वजनिक दप्तर म्हणजे ठाण्यातील नोंदी आणि वृत्तपत्रांच्या जिल्हा आवृत्त्या. आवृत्त्यांचे जुने अंक बांधून ठेवण्याची पद्धत आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतूनही नाहीशी होत चालली आहे. रद्दीच्या निविदेत ते वजनावर जातात. ऐंशीच्या दशकात सिरोंचा वा धानोऱ्याहून तारेने बातमी धाडणारे वार्ताहर आता वृद्ध झाले आहेत. छापले नाही ते त्यांच्याजवळ आहे, वह्यांत किंवा केवळ आठवणीत.

दलांत असलेली माणसेही आता जिल्ह्याच्या ठिकाणी राहतात, बाजारात भेटतात, मुलांना शाळेत पोहोचवितात. जाणणारा आणि विचारणारा एकाच गावात राहण्याची ही पहिलीच वेळ आहे. पुनर्वसनाच्या चौकटीत त्यांना त्या हत्यांविषयी विचारणे शासनाला गैरसोयीचे वाटू शकेल, आणि त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही खोटा नाही. तरीही एखाद्या तालुका वार्ताहराने जुने कात्रण खिशात घालून त्यांच्यापैकी कोणाकडे जावे आणि त्यातील एकाच हत्येविषयी विचारावे, की ते पत्रक कोणी लिहिले, आणि कोणाच्या सांगण्यावरून.